डाव्या पायाचं माप

धाकट्या जावेसाठी थोरलीने जे पायजमे शिवले होते, त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला रुंद होता आणि तरी तो कुणाच्या डोळ्यावर येत नसे. याचा थोरलीला फार अभिमान होता. चुण्या मागच्या बाजूला नेलेल्या, शिवण आत वळवलेली, कापडही असं निवडलेलं की अंगाला चिकटायचं नाही. धाकटी उभी राहिली की दोन्ही पाय सारखे वाटत.

"बघ, कळतंय का कुणाला?" दोन पावलं मागे सरून थोरली विचारी.

"मला कळतंय ना, जाऊबाई."

"तुझं सोड गं."

दोघींचं शिवणाचं दुकान होतं, घराच्याच रस्त्याकडच्या खोलीत. थोरली माप घ्यायची, बेतायची, कापायची आणि बोलायची. धाकटी मशीन चालवायची आणि हाताचं काम करायची, म्हणजे काज, हूक, बटणं, तुरपाई. तिची तुरपाई ही दुकानाची अब्रू होती. कापड उलटं करून उजेडात धरलं तरी टाका सापडायचा नाही. थोरलीचं कसब निराळं. एखाद्या बाईला तिचं पोट सुटलंय हे चकार शब्दानेही न सांगता, ते पोट दिसणार नाही असा झगा ती शिवून द्यायची. बाई आरशात बघून खूश, थोरली खूश. लपवणं हा तिच्या धंद्याचा निम्मा भाग होता, आणि धंदा घरातच असल्यामुळे तो कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं हे तिचं तिलाच नीटसं ठाऊक नव्हतं.

धाकटीला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला, तेव्हा घरात त्या रोगाला कुणी नावाने हाक मारली नाही. थोरली "खालचं दुखणं" म्हणायची. धाकटीचा नवरा बस चालवायचा, भर गर्दीत मोठमोठ्याने बोलायची त्याला सवय. पण घरी तो त्याला नुसतं "ते" म्हणायचा. "ते कसं आहे?" जणू ओळखीचं कुणी आजारी आहे. किरणांचे उपचार झाले. केस गळले नाहीत, तेव्हा "चला, कुणाला सांगायला नको" असं थोरली म्हणाली, आणि तेच जणू मोठं नशीब अशा सुरात म्हणाली. वर्षभर बरं गेलं. मग ओटीपोटात गाठी पुन्हा उठल्या, आणि त्यांच्यामागून डावा पाय सुजायला लागला. आधी घोटा बुडाला, मग पोटरी, मग मांडी. कातडी ताणून चकचकीत झाली. संध्याकाळपर्यंत पाय असा जड व्हायचा की धाकटी दोन्ही हातांनी तो उचलून पलंगावर ठेवायची, सामान ठेवल्यासारखा.

बँकेत काम करणाऱ्या एक बाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी एकदा धाकटीला लंगडताना बघितलं.

"काय झालं हो हिला?"

"पडली. जिन्यावरून," थोरली म्हणाली. तोंडात खडू धरला होता तरी उत्तर अडलं नाही.

बाईंनी वर बघितलं. घर बैठं होतं. "कुठल्या जिन्यावरून?"

"माहेरच्या. माहेरी गेली होती ना."

त्याच आठवड्यात थोरलीने दुकानात आडवी दांडी ठोकली आणि जाड पडदा शिवून लावला. गिऱ्हाईक पडद्याच्या या बाजूला, धाकटी त्या बाजूला. "तुला पाय लांब करून बसता येईल गं, कुणाची कटकट नको," ती म्हणाली. धाकटीने मान डोलावली. पडदा सुरेख झाला होता, खालची पट्टी धाकटीनेच हाताने घातली होती. तेव्हापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली. धाकटीच्या हातून आलेल्या प्रत्येक कपड्यावरून थोरली पुन्हा एकदा इस्त्री फिरवू लागली. चांगली तापवून. कशासाठी, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

पायजमे झाले, पडदा झाला. पाय मात्र वाढतच होता. मग थोरलीने पायासाठी मोजा शिवला. ताणणारं कापड आणलं, घोट्यापासून मांडीपर्यंत घेतलं आणि तो खाली घसरू नये म्हणून वर मांडीला रुंद, दणकट इलास्टिक घातलं. कुठलाही शिंपी हेच करेल. जे खाली घसरतं ते वर आवळायचं. धाकटीने तो चढवला आणि ओठ दाबले.

"घट्ट होतंय, जाऊबाई."

"घट्ट होतंय म्हणजे काम करतंय. सूज काय आपसूक जाणार आहे? चार दिवस काढ."

धाकटीने चार दिवस काढले, मग आणखी कितीतरी दिवस काढले. पाय निळसर दिसायला लागला, तेव्हा तिच्या कर्करोगाच्या डॉक्टरांनी तिला दुसऱ्या एका डॉक्टरकडे पाठवलं, जी फक्त रक्तवाहिन्यांचं काम करते. घरी तिचं नाव पडलं 'शिरांची डॉक्टर'. आखूड केस, वय थोरलीच्या लेकीइतकं, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत वाट बघण्याची विचित्र सवय.

तिने धाकटीचा पायजमा वर सारला, मोजा उघडा पडला. डॉक्टरने वरच्या इलास्टिकमध्ये बोट घालून बघितलं. बोट आत जाईना.

"हे कुठून आणलंत?"

थोरलीने भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. त्यात एक माणूस कातडीविना उभा होता.

"बाजारातून," धाकटी म्हणाली.

"कुठल्या दुकानातून?"

"आता आठवत नाही."

डॉक्टरने मोजा हळूहळू खाली गुंडाळला. मांडीवर इलास्टिकचा खोल वळ उमटला होता, टाक्यांच्या खुणांसकट. "हात चांगला आहे शिवणाऱ्याचा," ती म्हणाली. "पण उलटं शिवलंय. असा मोजा घोट्याला सगळ्यात घट्ट हवा आणि वर जाताना सैल होत गेला पाहिजे. रक्ताला वर जायचंय. आधीच वरची वाट अडलेली, त्यात हे म्हणजे दाराला बाहेरून कडी. पुन्हा घालू नका."

थोरलीचे कान तापले. उठून सांगावं, मी शिवलं, असं मनात आलं. जीभ मात्र टाळूला चिकटून बसली. धाकटी शांतपणे वळावरून बोट फिरवत होती.

सोनोग्राफी आणि स्कॅन झाल्यावर डॉक्टरने दोघींना समोर बसवलं. शिरेत गुठळी नव्हती, तेवढं बरं. पायातलं रक्त वर नेणारी मोठी शीर ओटीपोटात गाठींनी बाहेरून दाबली होती, जवळजवळ चपटी. "म्हणून सगळं पाणी पायात तुंबतंय. मूळ कारण ते. मोज्याने त्यात भर घातली एवढंच." मग तिने सांगितलं, काय करता येईल. त्या जागेपुरती भूल आणि थोडी गुंगी. जांघेत किंवा गुडघ्यामागे सुईएवढं भोक. त्यातून एक तार शिरेत सरकवायची, दाबलेल्या जागेतून पलीकडे न्यायची, बारीक फुगा फुगवून वाट रुंद करायची आणि तिथे धातूच्या जाळीची नळी ठेवायची, स्टेंट. ती आपोआप उघडते आणि शीर उघडी धरते.

थोरलीला लगेच कळलं. नेफ्यावर चुकून वरून दुसरी शिवण पडली की आतलं इलास्टिक पुढे सरकत नाही; तेव्हा आपण पिन कशी तिरकी करून, दम धरून पलीकडे काढतो, तसंच हे. एरवी तिने हे मोठ्याने सांगितलं असतं. आज इलास्टिक हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती.

"आणि मूळ दुखणं?" तिने विचारलं.

"त्याला याने काही होणार नाही. खोटं सांगत नाही. त्याची औषधं वेगळी चालू राहतील. हे फक्त पायासाठी. पण पाय हलका होईल, बऱ्याचदा दोन-तीन दिवसांतच फरक पडतो. चालता येईल, कुशीवर झोपता येईल."

"नको," धाकटी म्हणाली.

"भीती वाटते?"

"भीती नाही. पण चालून जायचंय कुठे मला? मी आतच असते." ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. हवामान सांगावं तसं बोलली. "पडद्यामागे हलका पाय काय नि जड पाय काय. कशाला तुम्हाला त्रास."

"पडदा?" डॉक्टरने थोरलीकडे बघितलं. थोरली पुन्हा त्या कातडीविना माणसाकडे बघू लागली. आत्ता तोच तिला सगळ्यात जवळचा वाटत होता.

घरी आल्यावर धाकटीच्या नवऱ्याने थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

"ऐकते तेच तर वाईट आहे, भाऊजी," थोरली म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तो तिथेच पाण्याचा पेला धरून उभा राहिला.

ती आत गेली. धाकटी पलंगावर पाय उशीवर ठेवून बटणं लावत होती.

"तो मोजा मी शिवला असं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

थोरली पलंगाच्या कडेला टेकली. "लागत होतं ना तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलायचं नाही का, बये?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, काम करतंय." धाकटीने दोरा दातांनी तोडला. "आणि तुम्ही इतका जीव लावून शिवला होता. आतून अस्तर लावलं होतंत, कातडीला टोचू नये म्हणून. कोण लावतं मोज्याला अस्तर?"

थोरलीला वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. अस्तराचं कौतुक ऐकून तिला कुठे तोंड लपवू असं झालं. जाळी बसवून घे असं सांगायला ती आली होती, पण ते वाक्य काही केल्या जुळेना. कशासाठी बसवून घे? माझ्या पडद्यामागे बरं बसता यावं म्हणून? तिने उशी उगाचच सारखी केली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतल्या बाई कोटाची ट्रायल घ्यायला आल्या. कोट अंगावर चढला, थोरलीने खांद्याला टाचण्या लावल्या. पडद्यामागे मशीन चालू होतं. धाकटी उजव्या पायाने पायडल मारायची, एकाच पायाचं म्हणून त्याला अडखळती लय होती.

"कसा आहे मग जिन्यावरचा पाय?" बाईंनी आरशातून विचारलं. "फारच लांबलं हो. मोडलाय की काय?"

टाचणी थोरलीच्या बोटात गेली. काल डॉक्टरसमोर जी जीभ अडली होती ती आज सुटली, आणि एकदा सुटल्यावर कुठे थांबायचं तिला कळेना.

"जिना वगैरे काही नाही," ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. "तिच्या माहेरीही जिना नाही. तिला कर्करोग आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा. त्याने पायाची शीर दाबलीय. मी खोटं बोलले."

पडद्यामागचं मशीन थांबलं.

बाई आधी "अगं बाई" म्हणाल्या, मग "वाईट झालं हो" म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पण त्यांनी आपली पर्स, जी गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर होती, ती उचलून खांद्याला लावली. मग कोटाची खालची कड दोन बोटांत धरून बघितली. "ही तुरपाई... तिचीच का? नाही, म्हणजे काही नाही. मी आपली एकदा धुऊनच घालीन."

"तो रोग कपड्याला लागत नाही," थोरली म्हणाली.

"छे छे, ते माहितीये मला. आपलं मनाला बरं वाटतं."

त्या गेल्या. थोरली तिथेच उभी राहिली. बाईंचा राग यावा म्हणून तिने खूप खटपट केली, पण राग येईना. कारण टेबलावर इस्त्री होती, तापलेली. आपलं मनाला बरं वाटतं. हे नेमकं वाक्य आपल्याला इतके दिवस सुचलं नव्हतं एवढंच, बाकी करत तर आपण तेच होतो. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग स्टुलावर चढून पडद्याची दांडी काढायला लागली. खिळा हलेना. ती ओढत राहिली, आणि शेवटी दांडीसकट पडदा तिच्या डोक्यावरच आला.

"जाऊबाई!" आतून धाकटी ओरडली. "काय चाललंय? मी तोंडसुद्धा धुतलेलं नाही अजून!"

थोरलीने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "सांगितलं मी त्यांना. सगळं खरं सांगितलं."

शाबासकी मिळेल असं काही तिला वाटलं नव्हतं. निदान धाकटीच्या डोळ्यांत पाणी येईल, एवढी अपेक्षा मात्र होती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता.

"ऐकलं मी. अख्ख्या गल्लीने ऐकलं. गर्भाशयाच्या तोंडाचा, तेसुद्धा सांगितलंत." तिने हातातलं कापड खाली ठेवलं. "आधी मला न विचारता लपवलंत. आता मला न विचारता सांगितलंत. दुखणं माझं की तुमचं?"

थोरली स्टुलावरून खाली उतरली नाही, तशीच पडदा खांद्यावर घेऊन उभी राहिली. आपल्याकडून काही तरी मोठं चांगलं झालं असं तिला मघाशी वाटलं होतं. तेही उलटंच शिवलं गेलं होतं.

"चुकले," ती म्हणाली. "मोज्याचंही चुकले. आणि ती इस्त्री..."

"इस्त्रीचं मला ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. "जळका वास येतो. कापड पिवळं पडतं कडेला. निदान सुती कपड्यांवर तरी कमी तापवायची."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, धाकटीने सवयीने मान वळवून बघितली, आणि आता मध्ये काही नसल्यामुळे तिला ती दिसली.

"हात द्या," ती म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"तिथे. खिडकीपाशी. इतके दिवस बटणं अंधारात लावून डोळे गेले माझे."

थोरलीने तिला पुढच्या खुर्चीत बसवलं, पायाखाली स्टूल सरकवलं. उजेडात पाय खूप मोठा दिसला. पायजम्याची कसली चतुराई नि कसलं काय. बसल्यावर सगळं उघडं पडत होतं. धाकटीने आपल्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघितलं.

"त्या डॉक्टरला फोन लावा. जाळी बसवून घेते. इथे बसायचं तर असा पाय नको. गिऱ्हाईक म्हणेल, हिचा पायजमा कुणी बिघडवला." मग जरा थांबून, "आणि इथून पुढे माझं मी सांगेन. कुणाला सांगायचं, किती सांगायचं. तुम्ही फक्त माप घ्यायचं."

"बरं," थोरली म्हणाली. एवढा आज्ञाधारक 'बरं' तिने सासूलाही दिला नव्हता.

जाळी बसवायच्या दिवशी धाकटीला चाकांच्या पलंगावरून आत नेलं. थोरली दाराशी उभी होती. डॉक्टर टोपीत केस कोंबत बाहेर आली तेव्हा ती पुढे झाली.

"तो मोजा मी शिवला होता."

"ठाऊक होतं मला," डॉक्टर म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत."

"त्याच्यामुळे शीर..."

"शीर गाठींनी दाबली. तुम्ही नाही. पण पाय जास्त दुखला तो तुमच्यामुळे." एवढं म्हणून ती आत गेली. थोरलीला ते बरं वाटलं. साफ सुटका झाली असती तर तिचा विश्वास बसला नसता.

बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी दीर बसला होता. खूप वेळाने तो म्हणाला, "वहिनी, कर्करोग." नुसतंच. तो शब्द तोंडात कसा बसतो ते बघत असावा. "हो, भाऊजी," ती म्हणाली.

धाकटी बाहेर आली ती पेंगत, कंबर दुखतेय म्हणत. गुडघ्यामागे पट्टी, आजूबाजूला काळंनिळं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या न चुकता घ्यायच्या, हे डॉक्टरने दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी पायाची चकाकी गेली. मग कातडीला सुरकुत्या पडू लागल्या, फुग्यातली हवा उतरावी तशा. आणि एका सकाळी धाकटीने हाक मारली, "जाऊबाई, इकडे या लवकर!" थोरली कणकेच्या हातांनी धावली. धाकटी पाय पुढे करून बसली होती. घोट्याचं हाड वर आलं होतं.

"बघा, कोण आलंय."

थोरलीने हात धुऊन मोजपट्टी आणली आणि पोटरीला गुंडाळली. "सांगा की माप," धाकटी म्हणाली. "थांब जरा, पट्टी उलटी धरली मी," थोरली म्हणाली, आणि पट्टी सुलटीच असताना ती बराच वेळ तशीच खाली मान घालून बसली.

डावा पाय उजव्याइतका काही झाला नाही, पण चपलेत मावू लागला. थोरलीने पायजम्यांच्या शिवणी उसवून ते बारीक केले. जादा कापड कापून टाकलं नाही, आत दुमडून ठेवलं. रोग गेलेला नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोललं नाही. पण ते लपवणं नव्हतं.

महिनाभराने शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशांचं कापड घेऊन आल्या. खिडकीपाशी धाकटीला बघून त्यांना आनंद झाला. "अरे वा, बाहेर आलात! पायाला काय झालं होतं हो? कुणी म्हणे पडलात."

थोरली कापडावर खडूने रेघ ओढत होती. रेघ थांबली. तिने ओठ घट्ट मिटले, कारण तसं कबूल केलं होतं.

धाकटीने सुईत दोरा ओवला, सावकाश गाठ मारली. "जिन्यावरून पडले," ती गंभीरपणे म्हणाली. "माहेरच्या. जाऊबाईंनी बघितलाय ना तो जिना. सांगा हो त्यांना, जाऊबाई. केवढा उंच होता?"

मुख्याध्यापिका थोरलीकडे वळल्या. थोरलीचा चेहरा असा तापला की मानेपर्यंत घाम आला. धाकटी टक लावून बघत होती, सुई हवेत धरून. तिला अजिबात घाई नव्हती.

"जिना नव्हता, बाई," थोरली शेवटी म्हणाली. "मीच बांधला होता तो. बाकीचं तिला विचारा. ती सांगेल तेवढं."

"बसा," धाकटी मुख्याध्यापिकांना म्हणाली आणि खुर्ची पुढे सारली. "सांगते."

थोरलीने खडू उचलला, आणि रेघ जिथे थांबली होती तिथून पुढे ओढायला घेतली. ती वाकडी गेली. तिने ती हाताने पुसली आणि पुन्हा ओढली.